डोक्यावरचा कागद

पखालवाला खमीस रांजणात पाणी ओतताना नेहमीच काहीतरी कुरकुरत असे, त्यामुळे सुतैताचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. खांदा धरलाय, नदीवरून येताना उंट अडून बसतो, या चाळीचा जिना कुणी धूत नाही, पाय घसरतो, असं त्याचं चाललं होतं. मग तो म्हणाला की नसर दरवाज्याजवळच्या रिबातात आज दोन पखाली जास्त मागवल्या, त्यामुळे इकडे यायला उशीर झाला. एवढं बोलून त्याने पखालीचं तोंड बांधलं आणि तो जिना उतरून गेला. सुतैता पडद्यामागे बसून टकळीवर सूत काढत होती. त्याची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाली तेव्हा तिच्या हातातला धागा तुटला. तिने तो थुंकी लावून जोडला, टकळी फिरवली, तो परत तुटला. दोन पखाली. उन्हाळा अजून लागला नव्हता. रिबातातल्या बायका कपडे आठवड्याच्या ठरल्या वारी धूत, आणि तो वार आज नव्हता. साथीच्या या दिवसांत कैरो शहरात जास्तीचं पाणी एकाच कामाला लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खमीसलाही ठाऊक असणार. पण त्याला त्याचा खांदा होता.

रिबातात तिची मुलगी राहत होती. कुणा अमीराच्या विधवेने तलाक मिळालेल्या आणि नवरा मेलेल्या बायकांसाठी ते घर बांधून ठेवलं होतं. चौकाभोवती खोल्या, वर सज्जा, एकच दार, आणि दाराच्या आत शेखा नावाने ओळखली जाणारी एक करडी बाई, जी रोज संध्याकाळी आडणा घालण्याआधी बायका मोजत असे. सुतैता तिथे कधी गेली नव्हती. ते घर तिने मनात अनेकदा पाहिलं होतं आणि दर वेळी ते थोडं वेगळं दिसलं होतं. उलैया तिकडे गेली त्याच्या आदल्या दिवसांत सुतैताने आपल्या खोलीतला कोपरा रिकामा केला होता. सुताच्या लडी वरच्या फळीवर चढवल्या, ओल आलेल्या भिंतीला चुना लावून घेतला, शेजारून एक गादी मागून आणली. तलाक झाला म्हणजे पोरगी आईकडे येणार, यात विचारण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मग सूत न्यायला येणारी दलालीण निरोप घेऊन आली. उलैयाने सांगितलं होतं, अम्माला म्हणावं, तिथं जागा आहे आणि कोणी काही विचारत नाही. दलालीण निरोप सांगताना रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती. गादी नंतर बरेच दिवस तशीच पडून होती. परत मागायला आलेल्या शेजारणीला सुतैताने ती उचलून दिली.

कोणी काही विचारत नाही. म्हणजे आपण विचारलं असतं, असं तिचं म्हणणं. आणि विचारलं असतंच. सुतैताचं लग्न झालं तेव्हा नवरा, वहबान, बाजारातून शिजलेलं आणायचा, एका वाडग्यातून दोघं जेवायची, ईदेला कापड यायचं, आणि यात कुणी कुणाचं काय देणं लागतं हा प्रश्न नव्हता. उलैयाच्या लग्नात सगळं आधी बोलून घेतलं गेलं. कपड्याचं वेगळं, जेवणाचं वेगळं, ठरल्या वेळी रोख. शिवाय ती टोप्यांच्या काठांवर भरतकाम करायची आणि तिची स्वतःची दलालीण होती. जावई ईसा खोगिरं बनवायचा, हाताने चांगला, बोलायला बरा. एकदा जेवायला गेली असताना सुतैताने पाहिलं होतं की उलैया स्वतःच्या पैशाने आणलेलं बाकल्याच्या दाण्यांचं कालवण वेगळ्या वाडग्यात ठेवते. ईसाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यानेही त्यातलं मागून घेतलं, शेजाऱ्याकडचं मागावं तसं. पुढे त्याने कपड्याचे पैसे द्यायचे थांबवले तेव्हा उलैयाने त्याला काझीपुढे उभं केलं आणि तिथल्या तिथे त्याने तलाक दिला. आपल्या आईच्या काळी असं झालं असतं तर बाई तोंड लपवून बसली असती. उलैयाने त्या दिवशी एक टोपी पूर्ण केली, असं दलालीण म्हणाली होती. गेल्या साथीनंतर शहरात माणसं कमी झाली आणि हाताला काम असलेल्या बाईला किंमत आली, हे सुतैतालाही कळत होतं. तिचं स्वतःचं सूत वहबान गेल्यावर दुप्पट भावाने विकलं जाऊ लागलं होतं. पण ते कळणं आणि तो वेगळा वाडगा, यांची तिच्या मनात कधी गाठ पडली नाही.

ती उठून खिडकीच्या जाळीपाशी गेली. खालच्या गल्लीत फक्त पुरुष होते. दवंडी पिटून आता पुष्कळ दिवस झाले होते, तरी डोळ्यांना सवय झाली नव्हती. गाठीच्या तापाची साथ का आली असं सुलतानाने विद्वानांना विचारलं, आणि त्यांनी पुष्कळ विचार करून सांगितलं की बायका रस्त्यावर फिरतात म्हणून. मग हुकूम निघाला की कुठल्याही बाईने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. साथ काही कमी झाली नाही. बाजाराचा आवाज मात्र बदलला. पूर्वी जाळीतून येणारा गलका दोन पदरी होता, आता एकच जाड पदर राहिला होता. दलालीण यायची बंद झाली आणि सुताच्या लडी फळीवरून खाली, खालून त्या जुन्या कोपऱ्यात, अशा साठत गेल्या. समोरचा कापडवाला दुकानात एकटा बसून माशा वारत होता. बायकांना बाहेर पडू नका म्हटल्यावर आपला माल कोण घेणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो म्हणे मोठ्याने हसला होता.

बाहेर पडायची मुभा एकाच जातीच्या बायकांना होती. मेलेल्या बायकांना न्हाऊ घालणाऱ्या. पुरुषाने परक्या बाईचं मयत धुवायचं नसतं, त्यामुळे त्यांच्यावाचून इलाज नव्हता. बाजाराच्या अधिकाऱ्याकडून त्यांना एक कागदाची पट्टी मिळे, शिक्का मारलेली, आणि ती डोक्यावरच्या चादरीला सर्वांना दिसेल अशी टाचून मगच रस्त्यावर यायचं. तशी एक बाई सुतैताच्या भिंतीपलीकडेच राहायची. उम्म रजब. तिचा रजब केव्हाच मेला होता, नाव तेवढं राहिलं होतं. पूर्वी चाळीतल्या बायका तिच्या हातचं पाणी प्यायला कां कूं करायच्या. आता ती जिन्यावरून उतरायला लागली की दारं किलकिली व्हायची आणि सगळ्या तिच्या डोक्याकडे बघायच्या.

सुतैता गेली तेव्हा उम्म रजब भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. झोपली होती की जागी होती ते कळत नव्हतं. तिच्या खोलीला कापराचा वास होता, इतका जुना की तो भिंतीचाच वाटावा. चादर बाजूला पडली होती आणि तिच्यावर ती पट्टी टाचलेली होती. सुतैताने पखालींचं सांगितलं. उम्म रजब डोळे मिटूनच म्हणाली की दोन पखाली म्हणजे एकच बाई, फार तर एक बाई आणि एक तान्हं.

"कागद दे," सुतैता म्हणाली. "संध्याकाळपर्यंत."

"आणि पोरगीच गेली असली तर?"

"तर धुवायला कोणीतरी लागेलच."

उम्म रजबने डोळे उघडले आणि ती तोंडातल्या तोंडात हसली. असलं बोलणं तिला आवडायचं. ती म्हणाली की आज तिचा हात खांद्याच्या वर जात नाही, एक दिवस पडून राहिली तर कुणाचं बिघडणार नाही, मेलेल्यांना घाई नसते आणि जिवंतांना असते ती तिच्याच्याने पुरी होत नाही. मग तिने चादर जवळ ओढली, पण लगेच दिली नाही.

"एक ऐक. हा डोक्यावर आहे तोवर हाक आली तर नाही म्हणायचं नाही. मी तसं कबूल करून आणलाय. तू नाही म्हटलंस तर ते माझं नाही होईल."

"मला ते काम येत नाही."

"सासूला धुतलं होतंस ना? सगळी तिच्यासारखीच असतात. बोलत नाहीत, एवढंच सुख."

रस्त्यावर पाय टाकल्याबरोबर सुतैताला उजेड टोचला. घरात राहून राहून पायांना सपाट जमिनीचा अंदाज राहिला नव्हता. जुवैला दरवाज्यापाशी दोन शिपाई बसले होते. एकाने तिच्या डोक्याकडे पाहिलं, तोंडावर फडका धरला आणि मान वळवली. कागद वाचायला तो उठला नाही. पुढेही तसंच. गर्दी तिच्यापुढे फाटत गेली. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढून उभी राहत, कुणी ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत. एवढ्या मोठ्या रस्त्यावर तिला धक्का लागला नाही असा तिच्या आयुष्यातला हा पहिलाच दिवस. या रस्त्यावरून ती पूर्वी भिंतीच्या कडेने जायची, उंटांना, खेचरांना, मामलूक सरदारांच्या घोड्यांना चुकवत, उलैयाचं मनगट मुठीत धरून. मूठ इतकी आवळलेली असायची की घरी पोचल्यावर पोर मनगट चोळत बसायची. आज ती रस्त्याच्या मधून चालली होती. चालताना अंगात काहीतरी हलकं, सैल होत गेलं, आणि मुलगी मेली असेल या विचाराशेजारी ते हलकेपण बसून राहिलं, दोघांनी एकमेकांना हटकलं नाही. शिजलेलं विकणाऱ्यांच्या दुकानांपुढे पुरुषांच्या रांगा होत्या. एकजण हातात बायकोची सुरम्याची डबी नमुन्याला धरून अत्तरवाल्याला काहीतरी समजावत होता आणि त्याला ते शब्दांत सांगता येत नव्हतं. अत्तरवाल्यालाही कळत नव्हतं, इतकी वर्षं बायका आल्या की त्याला ते न सांगताच कळत आलं होतं. काही गल्ल्यांच्या तोंडाशी फाटक नुसतं ओढून घेतलेलं होतं, आत माणूस नव्हतं. एका घराचं दार चौकटीसकट कुणी काढून नेलं होतं. ती बघत गेली. तिच्या लक्षात आलं की ती सावकाश चालते आहे. जोवर पोचत नाही तोवर रिबातात काहीच झालेलं नाही.

हाक सोनारांच्या गल्लीच्या अलीकडे आली. मेणबत्त्यांच्या दुकानाच्या फळीवर एक जाडगेला, पन्नाशीतला माणूस उभा होता. तो धावत खाली उतरला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. सकाळपासून तीन गल्ल्या धुंडाळल्या, म्हणाला, एकही मिळाली नाही, जी होती तिच्यापुढे सहा घरं. आई आहे. घरात दुसरी बाई नाही, बायको गेल्या साथीत गेली, बहीण दमिएत्ताला. सुतैताच्या जिभेवर आलं होतं की मला पुढे जायचंय. तिला डोक्यावर पट्टीचं वजन जाणवलं. कागदाला वजन नसतं हे माहीत असून जाणवलं.

"कुठे आहे?" ती म्हणाली.

म्हातारी आतल्या खोलीत फळीवर होती. पाणी तापवून ठेवलं होतं, बोरीचा पाला कुटून ठेवला होता, कापूर, कापूस, कफन, सगळं त्याने रांगेने मांडलं होतं, दुकानात मांडतात तसं. तो बाहेर गेला, पडदा ओढला, आणि पडद्याला चिकटून उभा राहिला. त्याची पावलं खालच्या फटीतून दिसत होती. सुतैताने बाह्या वर केल्या. सासूच्या वेळी ती वीस वर्षांची होती आणि रडणाऱ्या बायकांच्या गर्दीत तिच्या हातात नुसतं तांब्या देण्याचं काम आलं होतं. इथे रडणारं कोणी नव्हतं. तिने बिस्मिल्ला म्हटलं, अंगावर कापड टाकलं आणि कापडाखालून हात फिरवायला लागली. आधी उजवी बाजू, मग डावी. पाणी ओतलं की फळीवरून ते मोरीकडे जात होतं आणि त्याचा तेवढाच आवाज होता. म्हातारी जड होती. तिला कुशीवर करताना सुतैताला आपलं सगळं अंग तिच्यावर टेकवावं लागलं, आणि क्षणभर त्या दोघी एकमेकींना धरून असल्यासारख्या झाल्या. काखेत गाठ होती. हात तिथे थांबला आणि मग पुढे गेला.

"डाव्या गुडघ्याला हळू," पडद्यामागून तो म्हणाला. "तिथं दुखतं तिला."

सुतैता म्हणाली, बरं.

"ती फार बोलते का तुमच्याशी?" तो म्हणाला आणि आपलं आपणच हसला. मग सांगत सुटला, की आई सकाळी उठून त्याच्या प्रत्येक मेणबत्तीची वात ओढून बघायची, पन्नाशीच्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर गाढवा म्हणायची, हुकूम निघाला तेव्हा म्हणाली होती की मी ऐंशीची, मला बघून साथ येत असेल तर येऊ दे. रोज दुकानाच्या फळीवर येऊन बसायची. शिपायांनी दोनदा आत हाकललं. तो बोलत राहिला आणि सुतैता केस विंचरून त्यांच्या तीन वेण्या घालत राहिली. पांढरे, विरळ केस. उलैयाचे दाट होते, बोटं अडकायची. लहानपणी ती विंचरताना कधी रडत नसे, नुसती मान आखडून घेई, आणि विंचरून झालं की न बघता निघून जाई. तेव्हा सुतैताला वाटायचं पोर सोशिक आहे. आता म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली असताना तिला वाटलं की ती सोशिक नव्हती, वाट बघत होती. कशाची ते तिला सांगता आलं नसतं. तिने वेण्या बांधल्या आणि डोकं हळूच खाली ठेवलं.

कफन गुंडाळून झाल्यावर त्याने म्हातारीच्या कपड्यांचं गाठोडं पुढे केलं. धुणारीचा तो हक्क असतो. घ्यायला नको असं तिला वाटलं, पण नाही घेतलं तर तो संशय घेईल म्हणून तिने ते काखेत मारलं. तो म्हणाला की तुमचा हात हलका आहे. एवढं बोलून त्याचा चेहरा एकदम विस्कटला, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

रिबाताच्या दारात पोचली तेव्हा ऊन भिंतींवर चढलं होतं. आडणा काढून दार उघडणारी एक म्हातारी दारवान होती, डोळ्यांत फूल पडलेली. तिने पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाली की एक येऊन गेली सकाळी, धुऊन झालं, नेलंही. सुतैताने विचारलं, कोण होती. विचारताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. म्हातारी म्हणाली, वरच्या सज्जातली, हलब शहराकडची होती, कुणी नव्हतं तिला.

"उलैयाला बघायचंय," सुतैता म्हणाली.

"तिला कशाला?" दारवान म्हणाली. "ती तर जिवंत आहे."

तरी ती बाजूला सरकली, आणि सुतैता आत शिरून चौकातल्या दगडी बाकावर टेकली. तिने मनात पाहिलेल्या एकाही रिबातासारखं हे नव्हतं. चौकात डाळिंबाचं झाड, दोरीवर पायजमे, दोन बायका एका पोळीवरून हळू आवाजात भांडत होत्या. वरून कोणीतरी खोकलं आणि सगळीकडे क्षणभर शांत झालं, मग भांडण पुढे सुरू झालं. ती जिना चढून गेली.

उलैया सज्जात उजेडाकडे तोंड करून बसली होती, मांडीवर टोपी. ती वाळली होती. तिने मान वर केली, आधी पट्टी बघितली, मग आईचा चेहरा, आणि परत पट्टी. सुई कापडात अर्धी तशीच राहिली.

"कधीपासून धरलंस हे काम?"

"धरलं नाही. कागद मागून आणलाय."

"सूत खपत नसेल," उलैया म्हणाली. तिला ते ऐकू आलं नसावं किंवा ऐकायचं नव्हतं. "चांगलं केलंस. माझ्याही टोप्या पडून आहेत. बायका नाहीत तर पुरुष टोप्या घेतील असं वाटलं होतं. तेही घेत नाहीत." ती हे अगदी सरळ बोलली. वाटेत सुतैताने काही वाक्यं तयार केली होती. मी तुला न्यायला आलेय. कोपरा अजून आहे. तो खरं तर सुताने भरलेला होता. ती मुलीच्या शेजारी बसली, पण चिकटून नाही. हातांना कापराचा वास येत होता, तो उलैयाला लागू नये म्हणून तिने ते चादरीत घेतले.

खोलीत दोन चटया होत्या, एक गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. उलैयाने तिकडे न बघता सांगितलं की हलबवाली तिथे झोपायची. परवा अंगात कणकण होती म्हणून उलैयानेच तिचे पाय चेपले. शेखाने दाराला आतून आडणा घातलाय, हुकूम असो नसो, तलाकनंतरची इद्दतीची मुदत संपलेली असो नसो, कोणी बाहेर जायचं नाही, आणि रिकाम्या जागी आज रात्री दुसऱ्या खोलीतली खोकणारी बाई येणार आहे. हे सगळं तिने हिशेब सांगावा तसं सांगितलं. खाली चौकात दारवान कोणाशीतरी बोलत होती. उलैया ऐकत होती. मग ती आईकडे वळली आणि तिच्या डोक्याकडे पाहत राहिली. पूर्वी दुकानात एखादी वस्तू आवडली की ती अशीच बघायची, मागायची नाही. सुतैता मग मनगट ओढून तिला पुढे न्यायची. पुढे न्यायची कारण पैसे नसायचे, पण कधी कधी असायचे.

"मला दे," उलैया म्हणाली.

नाही म्हणावं असं सुतैताला वाटलं नाही. तिला वाटलं ते वेगळंच होतं, आणि ते वाटायची ही वेळ नव्हती हे तिला समजत होतं. पोरीने मागितलं होतं. टोपी विकून, काझीपुढे उभी राहून, परक्या बायकांत राहून जी सगळं स्वतःचं स्वतः करत आली होती, तिने तोंडाने मागितलं होतं, आणि ते आपल्यापाशी होतं.

"एकच आहे," सुतैता म्हणाली.

"दिसतंय मला."

"मग मी इथे राहीन."

उलैयाने खाली पाहिलं. टोपीतली सुई काढून तिने धाग्याला गाठ मारली, दाताने धागा तोडला आणि टोपी घडी करून चटईखाली सरकवली. विचार करायला तिने घेतला तो वेळ एवढाच. ती नको म्हणाली नाही. म्हणाली असती तर सुतैताला पुन्हा काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते तिला बोलता आलं नसतं.

खोलीत जाऊन तिने मुलीच्या डोक्यावर चादर घातली. दोघींची उंची सारखीच होती. हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पट्टी वाकडी झाली होती ती तिने सरळ केली, टाचणी पुन्हा आत खोचली. उम्म रजबला परत द्यायची, तिने सांगितलं, आपल्या खोलीच्या भिंतीपलीकडेच राहते. हे गाठोडंही तिचंच, तिला दे, आतले कपडे झटकू नकोस. आणि वाटेत कुणी हाक मारली तर नाही म्हणायचं नाही.

"मला धुता येत नाही कोणाला," उलैया म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

"मलाही येत नव्हतं. उजवीकडून सुरू कर. बाकीचं पाणीच करतं."

उलैयाने गाठोडं काखेत घेतलं. दाराशी ती थांबली, जणू काही विचारायचं होतं. मग तिने आईचा हात चादरीतून बाहेर काढला, हुंगला, आणि कपाळाला लावून सोडला. सुतैता सज्जातून बघत राहिली. चौकातून पट्टी टाचलेली चादर गेली, डाळिंबाखालून, पोळीवरून भांडणाऱ्या बायका वाटेतून बाजूला झाल्या, दारवान म्हातारीने फूल पडलेल्या डोळ्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि आडणा काढला. तिच्या लेखी, आली होती ती जात होती. बाहेर रस्त्यावर कुठेतरी लगेच हाक येईल की नाही, आली तर पोरगी थांबेल का, आणि थांबली तर त्या घरात काय असेल, हे सुतैताने ओळीने मनात आणून पाहिलं आणि मग सोडून दिलं. दार लागलं.

ती उलैयाच्या चटईवर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला भूक लागली. शेजारच्या खोलीतल्या एका बाईने डोकावून बघितलं, काही म्हणाली नाही, आणि थोड्या वेळाने थंड झालेल्या मसुराचा वाडगा उंबऱ्यावर ठेवून गेली. सुतैताने तो सगळा खाल्ला. खोकणारी बाई आपली चटई ओढत आली, तिने गुंडाळलेली चटई बाजूला केली, आपली पसरली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी मगरिबच्या बांगेनंतर शेखा वर आली. बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या, तशी सुतैताही राहिली. शेखा उंच होती, हातात लांब जपमाळ, आणि एकेकीच्या खांद्याला माळ लावत, नाव घेत ती सज्जातून येत होती. नाव घेतलं की बाई मान हलवी. हलबवालीच्या नावापाशी ती थांबली नाही, ते तिने सकाळीच काढून टाकलं असणार. सुतैतासमोर आली आणि उभी राहिली. तिने चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, मग बंद दाराकडे, आणि पुन्हा चेहऱ्याकडे. मागच्या बाईला खोकला आला. सज्जातल्या सगळ्या बायका समोर बघत होत्या, कोणीही इकडे वळून पाहिलं नाही.

"उलैया," शेखा म्हणाली.

सुतैताने मान हलवली. माळ तिच्या खांद्याला लागली आणि शेखा पुढच्या दाराकडे गेली.